‘धरावे’ म्हटले होते, या बचावाचा प्रतिवाद

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी माणूस शाळकरी वयापासून ऐकत आलेला असतो; मूळ मजकुरातले एखादे अक्षर फिरवून त्याचा अर्थच पालटून टाकणे, असा त्याचा रूढ अर्थ आहे. त्यामागची कथाही तितकीच परिचित आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांनी गारद्यांना, म्हणजे पगारी बंदूकधारी पायदळाला, दिलेल्या हुकमात नारायणरावांस ‘धरावे’ एवढेच लिहिले होते, परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’च्या जागी ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे ही कथा सांगते. ती पिढ्यानपिढ्या इतक्या सहजतेने सांगितली गेली आहे की तिचे खरे स्वरूप कोणाच्या लक्षातच येत नाही. ही कथा म्हणजे मुळात आरोपीचा बचाव आहे. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाने तो ऐकून घेतला आणि त्यावर आरोपीला मोकळे सोडण्याचे नाकारले. भाषेने मात्र तोच बचाव वाक्प्रचार करून जपला, आणि जिच्यावर दोष ढकलला गेला त्या स्त्रीचे नाव कायमचे त्याला जोडून टाकले.

या बचावाचा प्रतिवाद आज करण्याचे कारण निव्वळ ऐतिहासिक नाही. निवडणुकीच्या प्रचारात एखाद्या उमेदवारावर किंवा त्याच्यासाठी मत मागणाऱ्या नेत्यावर प्राणघातक हल्ला झाला की दुसऱ्या दिवसापासून जी स्पष्टीकरणे पुढे येऊ लागतात, त्यांतली बहुतेक याच जुन्या घराण्यातली असतात. विरोधकाला धडा शिकवा असे म्हटले होते, मारा असे म्हटले नव्हते. कार्यकर्त्यांच्या भावना तीव्र होत्या. हल्लेखोर माथेफिरू आहे, त्याचा कोणाशीही संबंध नाही. किंवा हल्ला झालाच नाही, सहानुभूतीसाठी केलेला तो बनाव आहे. या स्पष्टीकरणांचे शब्द निरनिराळे असले तरी काम एकच आहे, आणि ते म्हणजे ज्याने सुरा उगारला त्याच्या मनगटापाशी जबाबदारीची साखळी तोडून टाकणे. ही तोड इतिहासाला, कायद्याला आणि मतदाराच्या हिताला मान्य होण्यासारखी नाही.

प्रथम मूळ कथेचा आधार तपासला पाहिजे. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग येतो, आणि पुढच्या लेखनावर त्या ग्रंथाची छाया दीर्घकाळ राहिली. त्यात दोन विधाने शेजारी शेजारी आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. चौकशी करणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांना मूळ कागद नंतर मिळाला आणि त्यात शब्द बदललेला आढळला, हे तो घडलेली गोष्ट म्हणून सांगतो. तो बदल आनंदीबाईंनी केला, हे मात्र सर्वत्र तसे मानले जाते एवढ्याच आधारावर लिहितो. घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर नोंदवलेला लोकसमज, तोही ज्या स्त्रीला कोणत्याही न्यायासनापुढे आपले म्हणणे मांडता आलेले नाही तिच्याविषयीचा, हा पुरावा ठरत नाही. सत्तेसाठी पुरुषांनी रचलेल्या कटाचे सगळे विष एका स्त्रीच्या बोरूत शोधणे समाजाला सोयीचे वाटले, म्हणून हा समज टिकला. तो सिद्ध झाला म्हणून नव्हे.

तथापि, आनंदीबाईंना निर्दोष ठरवल्याने या बचावाचा पाया उखडला जात नाही, आणि अनेक सहृदय अभ्यासकांचा प्रतिवाद इथेच अपुरा पडतो. अक्षर कोणी बदलले, या प्रश्नात ते इतके गुंततात की अक्षर बदलल्याने रघुनाथरावांची जबाबदारी कमी होते हे गृहीतक अस्पर्श राहते. म्हणून वादासाठी संपूर्ण कथा खरी मानून चालावे. रघुनाथरावांनी खरोखर ‘धरावे’ एवढेच लिहिले, आणि त्यांच्या नकळत कोणीतरी त्याचे ‘मारावे’ केले. तरी प्रश्न उरतोच: गादीवर बसलेल्या अठरा वर्षांच्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात, त्याच्या सेवकांच्या देखत, थकलेल्या पगारासाठी संतापलेल्या आणि हत्यारबंद असलेल्या भाडोत्री शिपायांकडून ‘धरणे’ म्हणजे नेमके काय घडवून आणणे होते? त्याने प्रतिकार केला, त्याच्या माणसांनी त्याला पाठीशी घातले, तो पळाला, तर शिपाई काय करतील, याचा अंदाज उत्तरेत अटकेपर्यंतची मोहीम चालवलेल्या सेनानीला आला नसेल, असे म्हणणे त्याच्या बुद्धीचा अपमान करणारे आहे. प्रत्यक्षात तेच घडले. गारदी पगाराच्या तक्रारीचा गलका करत वाड्यात शिरले, पेशवे चुलत्याच्या आश्रयाला धावले, मधे पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवक त्यांच्याबरोबर मारला गेला. अशा प्रसंगी ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांतले अंतर कागदावर एका अक्षराचे असते; वाड्याच्या दालनात तेवढेही उरत नाही.

हा विचार भारतीय फौजदारी कायद्याने फार पूर्वी आत्मसात केलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चिथावणीविषयी, म्हणजे दुसऱ्याकडून गुन्हा करवून घेण्याविषयी, जी कलमे होती त्यांपैकी १११ वे कलम नेमके याच बचावाला उत्तर देते. एका कृत्याची चिथावणी दिली आणि घडले दुसरे, तरीही ते दुसरे कृत्य त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणी देणारा त्यालाही तेवढाच जबाबदार धरला जातो. त्याखाली दिलेले एक उदाहरण वाचताना शनिवारवाडा आठवल्यावाचून राहत नाही: एक माणूस दोघांना शस्त्रे पुरवून मध्यरात्री राहत्या घरात दरोड्यासाठी घुसायला लावतो, घरातला माणूस प्रतिकार करतो आणि ते दोघे त्याला ठार मारतात, खून हा त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर घरी बसलेला तो पहिला माणूस खुनाच्या शिक्षेस पात्र ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व ५१ व्या कलमात आले आहे. दरोडा घाला म्हटले होते, खून करा म्हटले नव्हते, असा युक्तिवाद सामान्य दरोडेखोराला करता येत नाही. मग तो राजपुत्राला आणि पुढाऱ्याला का करता यावा?

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. निवडणुकीची भाषा नेहमीच लढाईची असते. रणधुमाळी, फौज, गड सर करणे, पाणी पाजणे या शब्दांवाचून मराठी प्रचारसभा होत नाही, आणि प्रत्येक रणभाषेला चिथावणी म्हणणे म्हणजे मोकळ्या बोलण्याचाच गळा आवळणे होय. फरक शब्दाच्या तिखटपणात नाही. विशिष्ट माणूस, विशिष्ट ठिकाण आणि हाताशी असलेली संतप्त किंवा हत्यारबंद माणसे, या तिन्ही गोष्टी जुळलेल्या असताना नेत्याने उच्चारलेले वाक्य हे भाषण राहत नाही, तो हुकूम होतो. रघुनाथरावांचा कागद दोषास्पद ठरतो तो त्यातल्या क्रियापदामुळे नव्हे. तो कोणाच्या हाती दिला गेला, यामुळे तो दोषास्पद ठरतो.

रामशास्त्र्यांचे मोठेपण त्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले या एका बाणेदार प्रसंगापुरते मर्यादित करण्याची चाल पडली आहे, परंतु त्यांच्या चौकशीची पद्धत ही त्याहून मोलाची गोष्ट आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी दिलेल्या मोजणीनुसार या प्रकरणात एकूण ४९ माणसे गुंतलेली आढळली, आणि त्यांपैकी गारदी अवघे १३ होते. उरलेल्यांत कारकून होते, खाजगीतले सेवक होते, निरनिराळ्या जातींची माणसे होती. खुनात तलवार चालवणाऱ्यांपेक्षा कागद लिहिणारे, निरोप पोचवणारे, दरवाजा मोकळा ठेवणारे अधिक असतात, हे त्या यादीतून स्पष्ट होते. चार मारेकऱ्यांची नावे घेऊन थांबणे त्या काळीही सोपे होते, आणि पेशवाईची सूत्रे ज्याच्या हाती आली होती त्या माणसाविरुद्ध बोट उचलणे जिवावर बेतणारे होते. रामशास्त्र्यांनी पुणे सोडले, वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले, पण निर्णय बदलला नाही. राजकीय हल्ल्याचा तपास कुठवर जायला हवा, याचे मराठी भाषिकांजवळ असलेले हे स्वतःचे मोजमाप आहे. ते बाहेरून उसने आणण्याची गरज नाही.

खुनाच्या त्या दिवसाची आणखी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. सकाळीच गारद्यांमधील गडबडीची कुणकुण नारायणरावांना लागली होती आणि त्यांनी हरिपंत फडके यांना बंदोबस्त करण्यास सांगितले होते. हरिपंतांनी ते लगेच केले नाही, ते भोजनाला गेले आणि तेवढ्यात वेळ निघून गेली. हरिपंत कटात नव्हते, पुढे ते मराठी राज्याचे मोठे सेनापती झाले. तरीही त्या दुपारच्या दिरंगाईची किंमत पेशव्यांनी मोजली. धोक्याची सूचना किरकोळ समजणे हा कट नसतो, परंतु कट तडीस जातो तो अशाच समजुतीच्या आधाराने.

रघुनाथरावांचा शेवट जिथे झाला ते कोपरगाव ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात पावणेदोनशे वर्षांनी याची भीषण प्रचीती आली. ५ जानेवारी १९४८ रोजी अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब पटवर्धन यांची हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी सभा चालू असताना मदनलाल पहवा या निर्वासित तरुणाने ती उधळली आणि पटवर्धनांवर चाल केली. सभेत गोंधळ घालणारा एक भडक माथ्याचा पोरगा, यापलीकडे त्या प्रकाराला किंमत दिली गेली नाही. त्याचा नगरमधला साथीदार विष्णू करकरे हाही मोकळाच राहिला. पंधराच दिवसांनी, २० जानेवारीला, याच मदनलालने दिल्लीत बिर्ला भवनातील गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट घडवला. गांधीजींना इजा झाली नाही. ज्याने हे केले त्याच्याविषयी त्यांनी रागही धरला नाही. मदनलाल पकडला गेला, चौकशीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला, मुंबईत एका प्राध्यापकाने मंत्र्यांना या तरुणाच्या बोलण्याची माहिती दिली होती, आणि एवढे सगळे हाताशी असताना दहा दिवस निघून गेले. ३० जानेवारीला तोच संपादक, नथुराम गोडसे, त्याच प्रार्थनासभेच्या वाटेवर पिस्तूल घेऊन उभा राहिला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १९६९ मध्ये दिलेल्या अहवालात या दहा दिवसांतल्या पोलिसी ढिलाईचा जो तपशील आहे, तो वाचताना मन सुन्न होते.

हल्ला फसला म्हणून तो क्षुल्लक, असे मानणाऱ्यांनी या घटनाक्रमाकडे पुन्हा पाहावे. नगरची सभा हा पहिला इशारा होता, बिर्ला भवनाची भिंत हा दुसरा. जखम झाली नाही, या एका कारणाने दोन्ही इशारे वाया गेले. गांधीजींची क्षमा ही गांधीजींची होती; ती पोलिसांना कर्तव्यातून मोकळे करणारी सूट नव्हती. कायदाही जखमेच्या खोलीवरून हल्ल्याचे गांभीर्य ठरवत नाही. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, जो दंड संहितेत ३०७ व्या कलमाखाली येत होता आणि न्याय संहितेत १०९ व्या कलमाखाली येतो, तो हेतू किंवा जाणीव आणि कृत्य यांवर उभा असतो. दुखापत झाली तर शिक्षा वाढते, पण दुखापत नसली म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या प्रचाराचे शेवटचे दिवस चालू असताना उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, खासदार ओमराजे निंबाळकर हे कळंब तालुक्यात आपल्या पक्षाच्या उमेदवाराच्या प्रचारासाठी गेले असता १६ तारखेला एका तरुणाने हस्तांदोलनाच्या निमित्ताने जवळ येऊन त्यांच्यावर चाकूने वार केला. वार मनगटावरच्या घड्याळावर बसला आणि ते थोडक्यात बचावले. ज्यांच्या वडिलांची, पवनराजे निंबाळकर यांची, २००६ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली होती, त्या माणसावरचा हा वार होता. घड्याळाच्या पट्ट्याएवढ्या रुंदीने जीव वाचला, ही गोष्ट तो हल्ला हलका ठरवणारी नाही. उलट किती थोडक्यात मतदानाच्या पाच दिवस आधी एका जिल्ह्याचे राजकारण रक्तात बुडाले असते, याचे ते माप आहे.

बनावाचा संशय घेणाऱ्यांचे म्हणणे सरसकट झटकून टाकता येत नाही. सहानुभूतीसाठी खोटा हल्ला रचण्याइतपत राजकारणाची पातळी घसरू शकते, हे नाकारणे भाबडेपणाचे ठरेल. पण हा संशय खरा की खोटा, हे ठरवण्याची जागा विरोधी पक्षाचे व्यासपीठ नव्हे. खोटी तक्रार देणे हाही गुन्हाच आहे, तेव्हा बनाव असेल तर तपासातून तोही उघडा पडला पाहिजे. तपासाची पहिली फेरीही झालेली नसताना ‘स्टंट’ हा शब्द उच्चारणारा पुढारी पुरावा देत नसतो. आपल्या अनुयायांना तो त्या माणसाच्या रक्ताकडे न पाहण्याची मुभा देत असतो. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील बटलर येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभेत गोळीबार झाला, तेव्हा जगभर काही तासांतच हे नाटक असल्याची कुजबूज पसरली. त्या सभेला आलेल्यांपैकी एका माणसाचा प्राण गेला होता, याची त्या कुजबुजीला आठवणही नव्हती. २०१३ मध्ये पाटण्याच्या गांधी मैदानात, पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून नरेंद्र मोदी यांच्या सभेच्या दिवशी झालेल्या स्फोटांतही मेली ती गर्दीतली माणसे. नेत्याभोवती सुरक्षेचे कडे असते. सभेला आलेल्या शेतकऱ्याभोवती, दुकानदाराभोवती, अंगणवाडी सेविकेभोवती काहीच नसते.

आणि म्हणूनच सभेवरचा हल्ला हा एका माणसावरच्या हल्ल्यापेक्षा वेगळा गुन्हा आहे. सभा विश्वासावर भरते. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही निःशस्त्र येतात, कारण इथे शब्दांनीच काम होणार आहे असे दोघांनी गृहीत धरलेले असते. कोपरगावच्या मातीला या विश्वासाच्या घाताची एक स्वतंत्र आठवण आहे. १८०४ च्या सुमारास पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने खानदेशातील भिल्लांना भेटीसाठी म्हणून कोपरगावी बोलावले आणि विश्वासाने आलेल्या त्या माणसांना पकडून विहिरींत फेकून ठार मारले. त्यानंतर भिल्ल आणि सरकार यांच्यात बोलणे शक्य राहिले नाही. उरली ती एकमेकांची शिकार. बोलावून मारणे आणि बोलताना मारणे यांचा परिणाम सारखाच असतो: पुढच्या वेळी माणसे येतात ती हत्यार घेऊन, किंवा येतच नाहीत.

हल्लेखोर माथेफिरू होता, या उत्तराचा विचार अधिक काळजीने करायला हवा, कारण ते कधी कधी खरे असते. १९७२ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवू पाहणाऱ्या जॉर्ज वॉलेस यांच्यावर मेरिलँडमधील प्रचारसभेत गोळ्या झाडणाऱ्या तरुणाला कोणत्याही विचाराशी देणेघेणे नव्हते, त्याला फक्त नाव हवे होते, आणि त्याने आधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचाही माग काढला होता. २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये प्रचाराच्या गर्दीत जाईर बोल्सोनारो यांना भोसकणारा माणूस न्यायालयाने मनोरुग्ण ठरवला. अशा वेळी कट शोधत बसणे हा निरपराधांवर अन्याय होईल. मात्र माथेफिरू हा तपासाच्या शेवटी निघणारा निष्कर्ष असू शकतो. तो तपासाआधी दिलेला निर्वाळा असता कामा नये. मदनलालला अहमदनगरात माथेफिरू समजले गेले होते आणि तो होता एका टोळीचा पुढे केलेला हात. शिवाय एकट्या वेड्यालाही लक्ष्य कोणीतरी दाखवून दिलेले असते. त्या माणसाचा राग कोणत्या दिशेला वळला आणि त्या दिशेला त्याच्या आसपास कोण बोलत होते, हे दोन प्रश्न वैद्यकीय प्रमाणपत्राने मिटत नाहीत.

या सर्व उत्तरांच्या मुळाशी एक थकलेली समजूत आहे, ती म्हणजे राजकारण म्हटले की असे व्हायचेच. ही समजूत शहाणपणाच्या सुरात सांगितली जाते, पण ती वस्तुस्थितीला धरून नाही. कोपरगावचेच उदाहरण घ्यावे. इथे काळे आणि कोल्हे या दोन घराण्यांची स्पर्धा अनेक दशकांची आहे. साखर कारखाने, शिक्षण संस्था, बाजार समिती, नगरपालिका अशा प्रत्येक ठिकाणी ती पोचलेली आहे, आणि गोदावरीच्या पाण्यापासून उसाच्या भावापर्यंत प्रत्येक प्रश्नाला तिचा रंग चढतो. ज्या निवडणुकीच्या प्रचारात कळंब तालुक्यात चाकू उगारला गेला, त्याच २०१९ च्या निवडणुकीत कोपरगावचा निकाल अवघ्या ८२२ मतांनी लागला. एका मोठ्या वस्तीइतकी ही मते. इतके निसटते अंतर, इतके जुने वैर, आणि तरीही निवाडा झाला तो मतदान यंत्रात. याच जिल्ह्यात केडगावला एप्रिल २०१८ मध्ये महापालिकेच्या पोटनिवडणुकीनंतर दोन शिवसैनिकांची हत्या झाली, हेही तितकेच खरे आहे. पण म्हणूनच ती हत्या राजकारणाचा स्वाभाविक परिणाम मानता येत नाही. चुरस दोन्हीकडे होती. हत्यार एकीकडेच निघाले. ज्या गोष्टीवाचून त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्याचे राजकारण चालते, ती अटळ कशी असेल?

मतदाराचे काय जाते, हा प्रश्न या वादात सर्वांत कमी विचारला जातो. २१ मे १९९१ रोजी तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदुर येथे प्रचारसभेच्या ठिकाणी राजीव गांधी यांची हत्या झाली. ते स्वतः अमेठीतून उमेदवार होते आणि आदल्याच दिवशी मतदानाचा पहिला टप्पा पार पडला होता. उरलेले टप्पे जूनमध्ये ढकलावे लागले. देशाच्या एका भागाने एका परिस्थितीत मत दिले आणि दुसऱ्या भागाने पूर्णपणे वेगळ्या परिस्थितीत. हे अंतर मतदारांनी मागितले नव्हते, एका मारेकरी संघटनेने ते त्यांच्यावर लादले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची या बाबतीतली घडणही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९६ च्या दुरुस्तीनंतर ५२ व्या कलमानुसार मतदान पुढे ढकलले जाते ते केवळ मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा मृत्यू झाल्यास. उमेदवार जखमी होऊन रुग्णालयात पडला, तर मतदान ठरल्या दिवशीच होते. म्हणजे हल्लेखोराने ठार न मारता केवळ जायबंदी केले, तरी त्या उमेदवाराचा उरलेला प्रचार कायमचा गेला, आणि त्याचे म्हणणे ऐकण्याची मतदाराची संधीही गेली. सभेत गोंधळ घालून ती बंद पाडणे हा याच कायद्याच्या १२७ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, परंतु त्याची शिक्षा फार तर सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही एवढीच आहे. रावसाहेब पटवर्धनांच्या सभेपासून बिर्ला भवनापर्यंतचा रस्ता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे कलम इतके हलके राहावे हे पटणार नाही. सभेत वक्त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्याची नोंद, चौकशी आणि त्याच्यामागे असलेल्या माणसांचा शोध हा बंदोबस्ताचा ऐच्छिक भाग असता कामा नये.

रघुनाथरावांच्या बाजूने शेवटी एक भावनिक युक्तिवाद उरतो आणि त्यात तथ्याचा अंश आहे. पराक्रमी माणूस, हक्काची वाटावी अशा सत्तेपासून दूर ठेवलेला, पुतण्याच्या वाड्यात नजरकैदेत. त्याचा जळफळाट समजण्याजोगा आहे. आजच्या पराभूत किंवा तिकीट नाकारलेल्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांचा संतापही पुष्कळदा खऱ्या अन्यायातून आलेला असतो. पण गाऱ्हाणे खरे असणे आणि गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी हत्यारबंद माणसे मोकाट सोडणे, यांना जोडणारा कोणताही पूल नाही. तो असल्याचे एकदा मान्य केले, की प्रत्येक उपेक्षित माणसाला आपला गारदी शोधण्याचा परवाना मिळतो, आणि अन्याय न झालेला माणूस राजकारणात सापडणे तर अवघडच.

या बचावाने पुढे काय साधले, त्याची नोंद कोपरगावातच मिळते. बारभाईंनी, म्हणजे नाना फडणीस आणि सखारामबापू यांच्यासह एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, रघुनाथरावांना दूर केले, तेव्हा ते इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहाने इंग्रज मराठ्यांच्या घरच्या भांडणात शिरले आणि सात वर्षांचे युद्ध पेटले. १७७६ च्या पुरंदरच्या तहातही रघुनाथरावांनी कोपरगावी राहावे असे ठरले होते; अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते प्रत्यक्ष इथे आले. गोदावरीकाठी त्यांचा वाडा होता, दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक होती, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी ते इथेच निवर्तले. देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय कधी अमलात आला नाही. ज्यांनी शनिवारवाड्यात प्रत्यक्ष वार केले, त्या गारद्यांपैकी काहींना मात्र पुढे शोधून, पकडून, देहान्त शासन देण्यात आले. त्यांच्यापैकी कोणालाही आपल्याला ‘धरावे’ असे सांगितले होते की ‘मारावे’, हे सांगून सुटता आले नाही.